सीटी कोलोनोग्राफीत कॉम्प्युटरने खूण केलेली गाठ : रिपोर्ट कसा वाचायचा?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. घरातल्या एका तपासणीबद्दल विचारायचं आहे. जाणकारांनी वेळ काढून लिहावं, ही विनंती.

सासऱ्यांचं वय ६८. गेले काही महिने हिमोग्लोबिन उतरत होतं, पायऱ्या चढताना धाप लागायची. शौचातून रक्त कधी दिसलं नाही. कोलोनोस्कोपी करायला घेतली, पण जुन्या ऑपरेशनमुळे आतडं एका ठिकाणी चिकटलेलं आहे, दुर्बीण निम्म्यातून पुढे सरकेना. म्हणून डॉक्टरांनी सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करायला सांगितली. ती कोल्हापूरला करून आणली.

रिपोर्टात असं आहे: कॉम्प्युटरने पाच ठिकाणी खुणा केल्या. त्यातल्या चार रेडिओलॉजिस्टनी 'घडी, मळ, झडप' अशी कारणं देऊन बाद केल्या. उरलेली एक खूण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, ८ मिलिमीटरची बिनदेठाची गाठ, 'पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरची वाढ) असावा' असं लिहून कायम ठेवली आहे.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, पाचातल्या चार चुकल्या तर पाचवी तरी कशावरून खरी? धाकटे दीर म्हणतात, मशीनने दाखवलंय म्हणजे आहेच, लगेच मुंबई गाठा. मला दोघांचंही पटत नाही, पण त्यांना समजावून सांगण्याइतकं मला कळतही नाही.

---

रातांबा

ताई, काळजी वाटणं साहजिक आहे. पण माझं मत स्पष्ट लिहितो. पाच खुणांपैकी चार खोट्या निघत असतील, तर त्या यंत्राने केलं काय? माणसाला घाबरवलं, एवढंच. आमच्या गावातून तपासणीसाठी जायचं म्हणजे गाडीभाडं, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, वर राहण्याची सोय. या सगळ्याचा हिशोब मशीन करत नाही. अनुभवी डॉक्टरांच्या नजरेवर माझा जास्त भरवसा आहे.

---

काळा_पांढरा_पडदा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करतो. सासऱ्यांच्या प्रतिमा पाहिलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल निर्णय देत नाही. रिपोर्ट कसा वाचावा तेवढं सांगतो.

सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे लोक जिला 'व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी' म्हणतात ती, अमेरिकेत १९९४ साली डेव्हिड व्हायनिंग यांनी पहिल्यांदा मांडली. आतडं रिकामं करायचं, गॅसने फुगवायचं, उताणं आणि पालथं असे दोन वेळा स्कॅन घ्यायचे. मग शेकडो आडव्या चित्रांमधून आतड्याची भिंत तपासायची. त्याच चित्रांतून कॉम्प्युटर आतड्याची पोकळी उभी करतो, तिच्यातून डोळ्यांनी फिरता येतं.

ही पद्धत नीट केली तर चांगली आहे. २००३ साली पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी कसलीही तक्रार नसलेल्या १२३३ प्रौढांची सीटी आणि दुर्बीण दोन्ही केली. १० मिलिमीटर किंवा मोठ्या अ‍ॅडिनोमासाठी, म्हणजे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणाऱ्या पॉलिपसाठी, सीटीची पकड ९३.८ टक्के निघाली. त्याच अभ्यासात दुर्बिणीची ८७.५ टक्के होती. २००८ साली अमेरिकेतल्याच १५ केंद्रांच्या मोठ्या अभ्यासात सीटीचा आकडा ९० टक्के आला. या दोन्ही अभ्यासांत वाचणारे डॉक्टर या कामात तरबेज होते, हे विसरायचं नाही.

आता कॉम्प्युटरच्या खुणांकडे येतो. या प्रणालीला आम्ही 'कॅड' म्हणतो. तिचं काम 'इथे पाहा' एवढं सांगणं. 'ही गाठ आहे' असं ती म्हणत नाही. रीत अशी की आधी डॉक्टरांनी स्वतः पूर्ण स्कॅन वाचायचा, मग खुणा उघडायच्या आणि प्रत्येक खुणेवर जाऊन स्वीकारायची की फेटाळायची ते ठरवायचं. चार खुणा कारणासकट फेटाळल्या आहेत, याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी काम मनापासून केलंय. माझ्या दृष्टीने तो रिपोर्टचा चांगला गुण आहे.

रातांबा, खोट्या खुणा येणारच. २००५ साली रोनाल्ड समर्स यांच्या गटाने ७९२ रुग्णांच्या स्कॅनवर आपली प्रणाली तपासली. १० मिलिमीटर किंवा मोठा अ‍ॅडिनोमा असलेल्यांपैकी ८९.३ टक्के तिने पकडले आणि सरासरी दर रुग्णामागे २.१ खोट्या खुणा केल्या. खोट्या खुणा कमी करायला गेलं की खऱ्या गाठीही सुटायला लागतात, म्हणून बनवणारे मुद्दाम थोडा सैल हात ठेवतात. खोटी खूण फेटाळायला डॉक्टरांना काही सेकंद लागतात. सुटलेली गाठ मात्र काही वर्षांनी कॅन्सर होऊन समोर येऊ शकते. त्या खुणांचा त्रास रुग्णापर्यंत पोचता कामा नये, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. चाळणी डॉक्टरांच्या टेबलावरच झाली पाहिजे.

---

कुडाळचा_कोडर

मी पुण्यात वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्या चार खुणा का चुकल्या आणि पाचवी का टिकली, ते सांगण्याचा प्रयत्न करतो. आत काय चालतं ते कळलं की भीती कमी होते आणि आंधळा विश्वासही.

मोठ्या आतड्याची आतली भिंत सपाट नसते, तिला आडव्या घड्या असतात. गाठ भिंतीतून आत येते, घडीही आत येते. मग फरक कसा करायचा? २००० सालाच्या आसपास शिकागो विद्यापीठात हिरोयुकी योशिदा आणि यान्ने नॅप्पी यांनी यासाठी भिंतीच्या प्रत्येक बिंदूची वक्रता मोजायची पद्धत वापरली. आपल्या भातशेतीत पाहा. बांधाला एका दिशेने उतार असतो, दुसऱ्या दिशेने तो लांबच लांब तसाच जातो. वारूळ मात्र सगळीकडून खाली उतरतं. आतड्यातली घडी बांधासारखी, पॉलिप वारुळासारखा. गणितात याला 'शेप इंडेक्स' म्हणतात. ० ते १ च्या मापात खोलगट भिंत ० कडे जाते, घडी साधारण ०.७५ ला बसते आणि टोपीसारखा उंचवटा १ जवळ येतो. कॉम्प्युटर १ जवळचे बिंदू गोळा करतो आणि त्यांचे झुबके करून प्रत्येकाला उमेदवार मानतो.

इथेच घोळ होतो. मळाचा खडाही टोपीसारखाच दिसतो. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली झडप हुबेहूब गाठीसारखी फुगीर असते, म्हणून ती खोट्या खुणांचं नेहमीचं ठिकाण. गुदमार्गात घातलेल्या नळीचं टोकसुद्धा कित्येकदा 'गाठ' म्हणून येतं. म्हणून दुसरी पायरी: उमेदवाराच्या आत काय आहे ते बघायचं. पॉलिपचं मांस सगळीकडे सारख्या घनतेचं असतं. मळात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. चरबीची गाठ असेल तर घनता चरबीची येते. पूर्वी ही वैशिष्ट्यं माणूस ठरवून द्यायचा. आता डीप लर्निंगचं जाळं हजारो उदाहरणांवरून ती स्वतः शिकतं.

एक अभ्यास मला फार आवडतो. समर्स यांच्याच गटाने २०१२ साली कॉम्प्युटरने काढलेले उमेदवार इंटरनेटवरच्या सामान्य लोकांना थोडंसं शिकवून दाखवले: यात पॉलिप कोणता, सांगा. डॉक्टर नसलेल्या या सगळ्यांची मतं एकत्र केली, तेव्हा निकाल कॅडच्या जवळपास गेला. एकेक खूण वेगळी काढून समोर ठेवली, तर ओळखणं तितकं कठीण नसतं. कठीण आहे ते आख्ख्या आतड्यात, कामाच्या रगाड्यात, न कंटाळता तिच्यापर्यंत पोचणं. यंत्राचा उपयोग तिथे आहे.

---

तिठ्यावरचो

डॉक्टरांनू, माका एक सांगा. माझ्या बापाशीक बरेच दिवस परसाकडे रक्त पडता. गावात सगळे म्हणतत मुळव्याध आसा, झाडपाल्याचा औषध चालू आसा. ह्यो सीटीचो कॉम्प्युटर त्या रक्ताचा कारण सांगात काय? सीटी केली तर दुर्बीण चुकात?

---

काळा_पांढरा_पडदा

तिठ्यावरचो, तुमच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण तो जास्त तातडीचा आहे.

वडिलांना डोळ्यांना रक्त दिसतंय, तर सीटीच्या मागे जाऊ नका. सरळ सर्जनना दाखवा. ते बोटाने तपासतील, गुदमार्गात छोटी नळी घालून बघतील आणि बहुतेक कोलोनोस्कोपी सांगतील. मूळव्याध असेलही, खूपजणांना असते. पण मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात असू शकतात, आणि मोड दिसले म्हणून वर बघायचं राहून गेलं, असे रुग्ण आम्हाला भेटतात. तेव्हा फार हळहळ वाटते. रक्ताबरोबर शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, रात्री उठून जावं लागत असेल तर अजिबात थांबू नका. दुर्बिणीत संशय आला तर तिथेच तुकडा काढता येतो, पॉलिप असेल तर तोही काढता येतो. सीटीत यातलं काहीच होत नाही.

उद्याच जा. ओरोसला जा, पडव्याला जा, जवळ पडेल तिथे जा. पण जा.

---

तिठ्यावरचो

व्हय. सकाळी घेवन जातंय.

---

सिस्टर_देवगड

सीटी विभागात काम केलेलं आहे म्हणून लिहिते. कॉम्प्युटरबद्दल सगळे बोलतात, पण तपासणी बिघडते ती आदल्या दिवशी, घरात.

आतड्यात मळ राहिला तर डॉक्टरही फसतात आणि कॉम्प्युटरही. आम्ही 'कोंड्याचं काही नको' सांगतो. लोक नाचणीची भाकरी बंद करतात, पण फणसाचे चार गरे खातात. काही जण काजू खातात, 'भात तर नाही खाल्ला' म्हणून. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं: पेजेचं वरचं पाणी, शहाळं, साखरपाणी, डाळीचं नुसतं पाणी. कोकम सरबत आणि सोलकढी नको. दुर्बीण असेल तर लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आपल्याकडे पाहुण्याला आधी कोकमच पुढे करतात, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर जुलाबाचं औषध कोणतं आणि गोळ्या कशा घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारायचं.

पोट साफ होण्याच्या औषधाबरोबर एक रंगवणारं औषध देतात, बेरियमचं किंवा आयोडिनचं. ते चुकवू नका. आत राहिलेला मळ आणि पाणी त्याने स्कॅनवर पांढरंशुभ्र दिसतं. मग पांढरं ते मळ, करडं ते मांस. आयोडिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं.

प्रत्यक्ष तपासणीत एक बारीक मऊ नळी आत जाते. कार्बन डायऑक्साइड सोडणारं यंत्र असेल तर बरं, तो गॅस आतडं लवकर शोषून घेतं, म्हणून नंतर पोट फार वेळ फुगलेलं राहत नाही. रुग्णाला पोट टम्म झाल्यासारखं वाटतं, कळ येते. त्या वेळी बोलत राहावं लागतं. 'काका, श्वास सोडू नका, झालं, आता पालथे व्हा.' वयस्कर माणसाला टेबलावर पालथं करायला दोघं लागतात, आणि नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते. पालथं करण्याचं कारण असं की पाणी आणि मळ जागा बदलतात, गाठ बदलत नाही. उताण्या स्थितीत पाण्याखाली बुडालेला भाग पालथं केल्यावर उघडा पडतो.

खाडीकाठ ताई, रिपोर्टात दोन्ही स्थितींचा उल्लेख आहे का आणि 'आतडं पुरेसं फुगलं होतं' असं लिहिलंय का, ते बघा.

---

काळा_पांढरा_पडदा

पाणी आणि मळ जागा बदलतात, गाठ बदलत नाही, हे सिस्टरांचं म्हणणं अगदी नेमकं आहे, फक्त एक भर: देठ असलेला पॉलिप देठावर झुलतो, तो थोडा हललेला दिसू शकतो. बिनदेठाचा हलत नाही. आणि मिटलेल्या आतड्यात कॉम्प्युटर खूण करूच शकत नाही. तिथे खूण नाही म्हणजे सगळं ठीक, असा अर्थ काढायचा नाही. सपाट, पसरट गाठींतही यंत्र कमी पडतं, कारण त्या वारुळासारख्या वर येतच नाहीत.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा वाचला. उताणं आणि पालथं दोन्ही आहे. फुगवण 'चांगली', डाव्या बाजूचा थोडा भाग उताण्या स्थितीत मिटलेला, पण पालथ्या स्थितीत उघडा दिसला असं लिहिलंय. गाठ दोन्ही स्थितींत एकाच जागी आहे. शेवटी 'सी २' असं लिहिलंय. त्याचा अर्थ काय? नेटवर वाचलं की तीन वर्षांनी पुन्हा स्कॅन केला तरी चालतो. मग थांबायचं का?

---

काळा_पांढरा_पडदा

हा कळीचा प्रश्न विचारलात.

'सी-रॅड्स' नावाची वर्गवारी आहे, २००५ साली ठरलेली आणि २०२३ मध्ये सुधारलेली. सी ० म्हणजे तपासणी अपुरी, सी १ म्हणजे काळजीचं काही नाही, सी २ म्हणजे ६ ते ९ मिलिमीटरच्या एकदोन गाठी, सी ३ म्हणजे १० किंवा मोठी गाठ किंवा ६ ते ९ च्या तीन किंवा जास्त, सी ४ म्हणजे कॅन्सरसारखं दिसणारं काही. ५ मिलिमीटर आणि त्याखालच्या एकट्यादुकट्या बारीक उंचवट्यांची नोंद करत नाहीत, ते सीटीत भरवशाचे नसतात आणि त्यांच्यापासून धोकाही फार कमी असतो.

सी २ मध्ये काही वर्षांनी पुन्हा स्कॅन हा एक मान्य पर्याय आहे, हे खरं. पण तो तक्रार नसलेल्या, नुसत्या चाळणी तपासणीसाठी आलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आहे. तुमच्या सासऱ्यांचं हिमोग्लोबिन उतरतंय. नेटवरचा सल्ला त्यांना तसाच लावता येणार नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. ८ मिलिमीटरच्या गाठीमुळे हिमोग्लोबिन इतकं उतरणं फारसं संभवत नाही. म्हणजे गाठ खरी असली तरी मूळ प्रश्नाचं उत्तर ती नसेल. लोह कमी आहे का ते रक्तात पाहिलं का? तोंडावाटे दुर्बीण घालून जठर बघितलं का? नसेल तर हे आधी विचारा. कॉम्प्युटरच्या एका खुणेभोवती सगळं घर फिरायला लागतं आणि माणसाची मूळ तक्रार मागे राहते, ही या तंत्रज्ञानाची मला वाटणारी खरी भीती आहे. कॅडला हिमोग्लोबिन माहीत नसतं, त्याला फक्त भिंत दिसते.

उजव्या बाजूच्या गाठीपर्यंत दुर्बीण नेण्याचे मार्ग आहेत. पातळ, लवचिक दुर्बीण असते, फुग्याच्या साहाय्याने पुढे सरकणारी असते, आणि सीटीमुळे आता कुठे वळसा आहे याचा नकाशाही हातात आहे. त्यात रुळलेल्या डॉक्टरांना विचारा.

---

चाकरमानी_ठाणे

दुर्बिणीतही आता एआय आलंय ना? पडद्यावर गाठीभोवती चौकट येते, असं इथल्या डॉक्टरांनी दाखवलं.

---

कुडाळचा_कोडर

हो, ते याच कामाचं दुसरं रूप, फक्त स्कॅनऐवजी चालू व्हिडिओवर. चीनमधल्या २०१९ च्या एका चाचणीत १०५८ रुग्ण होते. अ‍ॅडिनोमा सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण साध्या दुर्बिणीत २०.३ टक्के होतं, यंत्राच्या साथीने २९.१ टक्के झालं. वाढ मुख्यतः बारीक गाठींची होती, हे लक्षात ठेवावं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पहिल्या उपकरणाला परवानगी दिली.

पण २०२५ मध्ये पोलंडहून आलेल्या अभ्यासाने मला विचारात पाडलं. ज्या केंद्रांत यंत्र वापरायला सुरुवात झाली, तिथल्या डॉक्टरांनी यंत्राशिवाय केलेल्या तपासण्या आधीच्या आणि नंतरच्या अशा पाहिल्या. अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. कारण सवय मोडणं हेच, असं एका अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी मी हे बनवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मला ते टाळता येत नाही.

---

रातांबा

माझं म्हणणं हेच होतं, मला ते मांडता आलं नाही. आपल्याकडे आज यंत्र येईल, उद्या बंद पडेल, दुरुस्तीला माणूस मुंबईहून यायला महिना लागेल. तोवर डॉक्टरांची नजर शाबूत राहिली पाहिजे. आधी स्वतः वाचायचं, मग खुणा उघडायच्या, ही जी रीत डॉक्टरांनी सांगितली ती कोणी मोडू नये.

आणि एक विचारतो. तक्रार काहीच नाही, वय पन्नाशीच्या पुढे, अशा गावच्या माणसाने काय करावं? सगळ्यांनी सीटी करायची का?

---

काळा_पांढरा_पडदा

नाही, सगळ्यांनी सीटी करायची गरज नाही. आपल्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, मोठ्या आतड्याचा नाही, कारण भारतात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. अमेरिकेत २०२१ पासून वयाच्या ४५ पासून तपासणी सुचवतात, ते इथे जसंच्या तसं उचलायचं कारण नाही.

पण घरात आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना हा कॅन्सर झाला असेल तर लवकर विचारणा करा. बाकीच्यांसाठी मळातलं न दिसणारं रक्त शोधणारी 'फिट' तपासणी हा स्वस्त आणि सोपा पहिला टप्पा आहे. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र दुर्बीण करायचीच. 'मूळव्याधीमुळे आली असेल' म्हणून सोडून द्यायची नाही.

---

खाडीकाठ

डॉक्टर, लोहाची तपासणी झालेली नव्हती, जठराची दुर्बीणही नाही. दोन्ही इथेच रत्नागिरीत करून घेतोय. दीर आणि नवरा दोघांनीही हा धागा वाचला, आता वाद नाही. पॉलिपसाठी मुंबईत दुसरं मत घ्यायचं ठरलंय. सोबत फिल्म न्यायच्या की रिपोर्ट पुरेल? सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, ती आधी बंद करायची का?

---

काळा_पांढरा_पडदा

गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर यांनी आपसात बोलून किती दिवस आधी थांबवायची ते ठरवायचं असतं, तसं लेखी घ्या.

फिल्मवर भागणार नाही. ज्या केंद्रात स्कॅन झाला तिथून सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ कॉम्प्युटर फाइल्स) मागून घ्या, उताण्या आणि पालथ्या दोन्ही मालिका, सगळ्या पातळ कापांसकट. त्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरांना आतड्यातून फिरून बघता येत नाही आणि त्यांचा कॉम्प्युटरही नव्याने खुणा करू शकत नाही. सीडी तिथेच काउंटरवर उघडून बघा. रिकाम्या निघाल्या की पुन्हा कोल्हापूर गाठावं लागतं.

---

सिस्टर_देवगड

आणि अर्धवट झालेल्या पहिल्या कोलोनोस्कोपीचा कागदही न्या ताई. दुर्बीण कुठे अडली, ते त्यात लिहिलेलं असतं.